सातवी सूचना

४ फेब्रुवारी

फुग्या,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद घालायची रीत आहे, पण माझी मागची दोन पाकिटं तू न फोडता परत पाठवलीस, म्हणून या वेळी ते राखून ठेवले आहेत. शेवटपर्यंत वाचलंस तर खाली सापडतील. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला असं आमिष दाखवावं लागतं, यावरून त्याच्या संगोपनाबद्दल काय ते समजावं. त्यात माझाही हात होता, हे मान्य.

तुझ्या घरमालकीणबाई फोनवर भेटल्या. तू म्हणे उंच इमारतींच्या काचा पुसतोस, दोरावर लटकून. जमिनीवर उभं राहून करायचं काम जगात मिळतच नाही का रे तुला? 'डावा हात फार चपळ आहे हो त्यांचा,' असंही म्हणाल्या. उजव्याबद्दल मी विचारलं नाही.

इकडे सगळं तसंच. तुझं कपाट मैदानाच्या मालकांनी अजून कुणाला दिलेलं नाही. दारावर खडूनं कुणीतरी 'पैलवान' लिहिलंय. पुसणार होते. सकाळी गुडघे टेकून हवाई छत्र्यांच्या घड्या घालते, त्याला मालक 'तांत्रिक विभाग' म्हणतात. प्रवाशांचा वर्गही अजून मीच घेते: पंधरा मिनिटं, नऊ सूचना, तू लिहून दिलेला तोच पुठ्ठा. आमचा संस्कृत विभाग बंद पडला तेव्हा दोन विद्यार्थी उरले होते आणि त्यातला एक चुकून आलेला होता. तू म्हणालास, 'ताई, माणसं घाबरलेली असतात. तुझा आवाज चांगला आहे, तू सांग त्यांना.' आयुष्यभर समास सोडवलेली बाई अशी विमानातून माणसं खाली टाकण्याच्या धंद्यात आली. माहितीपत्रकात 'मुक्त पतन' हा शब्द मीच घातला. वाचून दोन गिऱ्हाइकं परत गेली, असं मालक अजून ऐकवतात.

तुझा परवाना रद्द करणाऱ्या समितीच्या निकालाबद्दल लिहिणार नव्हते. एकच लिहिते. त्यांनी मला विचारलं, 'तुमचे बंधू तापट आहेत का?' मी म्हणाले, 'आहेत.' तू आहेसच. खोटं काय सांगितलं मी? पण त्या एका शब्दानंतर तू माझ्याकडे पाहिलंस, आणि आज सात महिने झाले, पाहिलेलं नाहीस.

आशीर्वाद इथे द्यायचे होते. पेन टेकवलं आणि हात चालेना. राहू देत आत्ता.

ताई


१९ फेब्रुवारी

फुग्या,

वेल्डर आला होता, तुझा शेवटचा प्रवासी.

मी जमिनीवर छत्री पसरून बसले होते. दोऱ्यांवर सावली पडली म्हणून वर पाहिलं, तर दारात तो. पाय अजून फरफटतो. जबड्याच्या तारा काढल्या आहेत, पुढचे दोन दात नवे आहेत, जरा जास्तच पांढरे. एवढा आडदांड माणूस, पण उभा असा, की गृहपाठ न केलेला विद्यार्थी. माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली नाही, हेही लिहून टाकते. त्याच्या मेहुण्यांनी तुझं काय केलं ते मी पाहिलंय.

'बाई, ओळखलंत?'

'ओळखलं. बसा.'

'बसायला वेळ लागतो मला. उभाच बरा.' मग म्हणाला, 'तोंड बांधलेलं होतं तेव्हा बोलता आलं नाही. समितीपुढं नुसती मान हलवली. सरांना सांगायचंय, मी मारत नव्हतो त्यांना. मला वाटलं, कुणीतरी पाठीमागून धरून मला पाण्यात बुडवतंय.'

आणखीही एक वाक्य बोलला तो. ते आज लिहिण्याची ताकद माझ्यात नाही.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि तुमच्या उडीची ती चित्रफीत पुन्हा पाहिली. तू म्हणशील, मला काय सांगतेस, मी तिथेच होतो. होतास, पण त्याच्या पाठीमागे. तुझ्या पोटाशी बांधलेल्या त्या माणसाचं फक्त डोकं तुला दिसत होतं. तुझ्या मनगटावरच्या कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा पाहिला, आणि आता मीही.

तेरा हजार फुटांवर दार उघडतं. तुम्ही दोघं बाहेर पडता. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं. गाल फुगलेले. लहानपणी तुझे फुगायचे तसेच. वारा त्याच्या कातडीला लाटा आणतो आहे, आणि तो आत धरून ठेवलेला श्वास सोडत नाही. मी सेकंद मोजले. अकरा. मग तो तोंड उघडतो आणि आणखी हवा आत ओढायला बघतो. आत जागाच नाही. ओठ उलटे होतात, हिरड्या दिसतात, लाळ वर गालावरून कानाकडे जाते. चेहऱ्याचा रंग वांग्यासारखा. आणि मग तो माणूस उरत नाही.

तुझा उजवा हात पकडतो. लोखंड वाकवणारे हात ते. तुझी दोन बोटं मागे, पार मनगटाकडे जातात. आवाज ऐकू येत नाही, नुसता वारा आहे, पण दोन बोटं मोडताना दिसतात, एकामागून एक. तो तुझा चष्मा ओरबाडतो. छत्री उघडायची कमरेची मूठ खेचायला जातो. तुम्ही कोलांट्या खाताय. आकाश, जमीन, आकाश. त्या अवस्थेत छत्री उघडली असती तर दोऱ्या दोघांच्या मानेत. तू हेल्मेट त्याच्या डोक्यावर मागून हाणतोस. एकदा. पुन्हा एकदा. मग कोपर वळवून जबड्यावर. दात निघतात. रक्त खाली पडत नाही रे, वर उडतं. कॅमेऱ्याच्या काचेवर चार थेंब आले आणि तिथेच थरथरत राहिले. तो ढिला पडला तेव्हा तू डाव्या हातानं मूठ ओढलीस.

समितीनं यातलं फक्त कोपर पाहिलं. 'प्रशिक्षकाने असहाय प्रवाशास मारहाण केली.' पूर्ण सूचना दिलेल्या प्रवाशास, असंही पुढे होतं.

ताई


७ मार्च

फुग्या,

वेल्डरचं ते वाक्य: 'बाई, तुम्ही शिकवलंत अगदी तसंच केलं मी. सोळा मोजायचे होते, अकराच झाले. माझंच चुकलं.'

माफी मागायला आला होता तो. माझी.

त्या दिवशी वर्गात सहाजण होते. सहावी सूचना झाली आणि वेल्डर तोंडावर हात धरून बाहेर पळाला. कोपऱ्यात उलटी करून परत आला तोपर्यंत बाकीचे पुढच्या तीन सूचना ऐकून पट्टे बांधायला गेले होते, आणि पायलट बाहेर घड्याळ दाखवत ओरडत होता. वेल्डर म्हणाला, 'बाई, मला उंचावर श्वास अडकतो. मेहुण्यांनी चाळिसाव्या वाढदिवसाची भेट दिलीय, नाही म्हटलं तर जन्मभर हसतील.' हात थरथरत होते त्याचे. मी त्याला आठवी वाचून दाखवली, नववी वाचून दाखवली. सातवी वाचली नाही.

'श्वास अडकला तर ओरडा. ओरडलं की हवा बाहेर जाते, मग आत येते.' तुझं अक्षर. तुझ्याच शब्दांत. मला ती सूचना कधीच आवडली नाही. मोठ्या माणसांना काय बोंबला म्हणून सांगायचं? मी त्याला माझी सूचना दिली. 'दार उघडलं की खोल श्वास घ्या. धरा. मनात सावकाश सोळा मोजा. मन स्थिर होईल.' आणि फुग्या, तो तिथेच माझ्यासमोर शांत झाला. हात थरथरायचे थांबले. मला केवढं कौतुक वाटलं माझं! पुस्तकातलं ज्ञान अखेर कुणाच्या तरी कामी आलं म्हणून.

तू गवतात पडला होतास तेव्हाचं आता लिहिते. वेल्डरचं रक्तानं भरलेलं तोंड आणि उतरताना उलटा वळलेला पाय पाहून त्याचे तिन्ही मेहुणे धावत आले. तू पट्टे सोडवत होतास, एका हातानं. थोरल्यानं तुझं हेल्मेट काढलं आणि त्याच हेल्मेटनं तुझ्या तोंडावर हाणलं. दुसरा बरगड्यांत लाथा घालत होता. तिसऱ्यानं वर्गातली लोखंडी घडीची खुर्ची आणली. मी शेडच्या दारात उभी होते, वीस पावलांवर. माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही. मालक आणि पायलट पळत गेले, मी नाही. मग मी जवळ आले. तुझा एक डोळा बंद झाला होता. तू विचारलंस, 'ताई, सातवी सांगितली होतीस ना त्याला?'

मी मान हलवली. हो.

आणि समितीपुढे तू म्हणालास, 'सूचना ताई देते. ती एक अक्षर गाळत नाही.' तिथेच तुझा परवाना गेला. माझ्या 'तापट आहेत'मुळे नाही, तुझ्या त्या वाक्यामुळे. सूचना पूर्ण दिल्या असतील तर माणूस असा बिथरेल कशाला? म्हणजे चूक मारणाऱ्याची. मी समोर बसले होते. पाणी पीत होते.

बाबांनाही यात ओढते, नाहीतर हे अर्धंच राहील. अख्खा श्लोक एका दमात. मध्ये श्वास घेतला की पाठीत छडी, रडलं की आणखी एक. मला जमायचं. तू गाल फुगवून, डोळे बाहेर काढून धरायचास आणि तिसऱ्या चरणात फुटायचास. 'फुग्या' हे नाव घरात सगळ्यांना गोड वाटायचं. एका संध्याकाळी ते खिडकीशी पाठमोरे उभे होते. आपण दोघं म्हणत होतो, आणि मध्येच श्वास घेतला तो मी. 'कोण?' त्यांनी न वळता विचारलं. तू पाच वर्षांचा, मी तेरा. तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीकडे पाहिलं. त्या दिवशी छडी मोडली आणि त्यांनी कमरेचा पट्टा काढला. तुझ्या सदऱ्याला पाठीवर रक्त चिकटलं होतं, ते कोमट पाणी लावून मी सोडवलं. तू म्हणालास, 'ताई, तू होतीस ना?' मी मान हलवली. नाही.

त्या घरात जी श्वास धरायला शिकली तिनं तो वेल्डरला धरायला शिकवला. हे कारण आहे. सबब म्हणून वापरायची माझी इच्छा नाही.

गेल्या आठवड्यात समितीला लिहिलं, सगळं. मालक म्हणाले, 'बाई, प्रकरण मिटलंय. आता कशाला उकरताय? तुम्हाला बाहेर काढतील, माझ्या मैदानाला टाळं लावतील.' मी म्हटलं, 'लावू देत.' ते म्हणाले, 'तुमच्या घराण्यात कुणी शहाणं निपजलं होतं का हो कधी?' मी खरंच विचार केला. कुणी आठवलं नाही.

सुनावणी दोन एप्रिलला, दहा वाजता, पूर्वीच्याच इमारतीत. तू आलास तर तुझं म्हणणंही ऐकतील. नाही आलास तरी मी बोलणार आहे.

ताई


२१ मार्च

फुग्या,

आज मी उडी मारली. बावन्नाव्या वर्षी. हसून घे.

सहा वर्षं लोकांना सांगत आले, तिथे काय होतं ते स्वतः जाऊन पाहिलं नव्हतं. समितीपुढे तसंच उभं राहायची लाज वाटली. भिंगरीनं मला पोटाशी बांधलं. तुझी ती चेली आता प्रवासी नेते, तुझ्याहून कडक आहे. पट्टे आवळता आवळता म्हणाली, 'ताई, पुठ्ठा वाचून दाखवू का?'

'दाखव. सातवी दोनदा.'

तिनं दोनदा वाचली. विमानात माझ्या कानाशी तिसऱ्यांदा. मी मनाशी घोकत होते: ओरडायचं, ओरडायचं.

दार उघडलं आणि वाऱ्यानं मला थोबाडीत मारली. अतिशयोक्ती नाही, मान मागे गेली. पाय कशावरच नव्हते. पट्ट्यांनी मांड्या कापल्या. आणि माझं तोंड मिटलं, फुग्या. आपोआप. सगळं माहीत असून, तीनदा ऐकून. छाती गच्च भरली आणि कुलूप बसलं. आत येईना, बाहेर जाईना. डोळ्यांसमोर कडा काळ्या पडायला लागल्या. मी कुठे आहे, पाठीशी कोण आहे, काही कळेना. फक्त कुणीतरी मला मारतंय एवढं कळत होतं, आणि हाताला जे लागेल ते मी ओरबाडत होते. भिंगरी कानात किंचाळत होती, 'ताई, ओरडा! ओरडा ना!'

मग फुटलं. काय फुटलं ते ऐक. तू लहान असताना मोरीत तोंड घालून बाबांना जी शिवी द्यायचास, तीच. अख्खी. मला पाठ आहे हेही मला ठाऊक नव्हतं. हवा बाहेर गेली, हवा आत आली, आणि मी ती पुन्हा दिली. पाच हजार फुटांपर्यंत देत होते. छत्री उघडल्यावर एकदम शांत झालं, तरी एकदा दिली. भिंगरी हसत होती की रडत होती, कळलं नाही. चित्रफितीत वाऱ्याचाच आवाज आहे, पण ओठांवरून कुणालाही वाचता येईल. ती मी समितीला पुरावा म्हणून पाठवली आहे. अध्यक्ष निवृत्त वैमानिक आहेत, त्यांच्या कानांवर याहून वाईट आलं असेल.

उतरल्यावर पाहिलं तर भिंगरीच्या मनगटावर माझ्या नखांचे चार ओरखडे, खोल, रक्त कोपरापर्यंत गेलेलं. मी रुमाल बांधायला लागले. ती म्हणाली, 'राहू द्या ताई, घाबरले की सगळेच ओरबाडतात. नशीब, तुम्ही वेल्डर नाही.'

जेमतेम पन्नास किलोची बाई मी. त्याचे दंड तुझ्या मांड्यांएवढे. तू कोपर मारलं नसतंस तर आज मी दोघांचे फोटो पुसत बसले असते.

ताई


३ एप्रिल

फुग्या,

काल तू आलास. दाराजवळच्या खुर्चीवर बसलास आणि संपताच निघून गेलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

मला वर्ग घ्यायला कायमची बंदी. छत्र्यांच्या घड्या घालता येतील, मालकांनी ठेवलं तर. त्यांनी अजून बोलायला सुरुवात केलेली नाही. मैदानाला टाळं नाही, ताकीद आहे. तुझ्यावरचा ठपका काढला. उजव्या हाताची डॉक्टरकडून तपासणी, तीत उतरलास तर परवाना परत. कागद आठवड्याभरात तुझ्या पत्त्यावर येईल. ते पाकीट तरी फोड.

मार्गिकेत थोरला मेहुणा माझी वाट पाहत होता. 'आम्ही त्याला मेल्यागत मारला,' म्हणाला, 'आणि तुम्ही दारात उभं राहून बघत होतात?' मी हो म्हणाले. त्यानं थप्पड मारली. डावा कान अजून वाजतोय, ओठ आतून फाटलाय. मी गप्प राहिले नाही, एवढी ओरडले की समितीचा कारकून फायली टाकून बाहेर आला. वेल्डरनं मेहुण्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. तू तेव्हा जिना उतरून गेला असशील. गेला नसतास तर तू त्या मेहुण्याला मारलं असतंस, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. तापट आहेस.

वेल्डरनं तुला खालती गाठल्याचं नंतर कळलं. त्यानं हात पुढे केला आणि तू डावा दिलास, असं तो सांगत होता. दोनदा सांगितलं त्यानं.

आता एकच राहिलं. तू तिथे होतास, तरी लिहिते.

मी निवेदन वाचायला उभी राहिले. चार पानं. पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्यावर ते वाक्य होतं, लांबलचक, मीच लिहिलेलं, 'सातवी सूचना मी जाणूनबुजून दिली नाही आणि माझ्या भावाने विचारले असता त्यास दिली असे खोटे सांगितले आणि' असं वाढत गेलेलं. निम्म्यावर हवा संपली. मला थांबता येईना. चरण मोडायचा नाही. मी आवाज ताणत राहिले, अक्षरं दिसेनाशी झाली, अध्यक्ष पाण्याचा पेला पुढे सरकवत होते. गाल फुगले असतील माझे.

मागून, दाराकडून, नऊ महिन्यांनी तू बोललास.

'ताई, श्वास घे.'

मी घेतला. वाक्याच्या ऐन मधोमध, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पाठ आपोआप ताठ झाली, छडीची वाट पाहत. आली नाही. मग पुढचं वाचलं.

अनेक उत्तम आशीर्वाद. राखून ठेवलेलेही यातच आले.

ताई